कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय? मग एचएस-सीआरपी कधी, कशी करायची आणि आकडा कसा वाचायचा

"काहून ताई, कोलेस्टेरॉल तं नॉर्मल हाय न, मंग कायचं टेन्शन?" हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकते. मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षांपासून रक्त काढते. मी डॉक्टर नाही, औषध सांगणं माझं काम नाही, पण सॅम्पल कसं द्यायचं, कधी द्यायचं नाही आणि रिपोर्टमधला कोणता आकडा लोक बघतच नाहीत हे मला रोज दिसतं. आज लिहितेय ती एचएस-सीआरपीबद्दल, म्हणजे शरीराच्या आतली सूज मोजणारी रक्ताची टेस्ट. आणि हे लिहायचं खरं कारण घरचं आहे. २०१९ मध्ये माझ्या मोठ्या बाबांचं टोटल कोलेस्टेरॉल १७८ आलं, घरात सगळे खूश, रिपोर्ट फाइलमध्ये गेला आणि पाच महिन्यांनी सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर छातीत जड जड वाटायला लागलं, दरदरून घाम फुटला. वेळेवर नेलं, स्टेंट पडला, माणूस वाचला. पण तो १७८ माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तो रिपोर्ट मीच हातात घेऊन "चांगला आहे" म्हटलं होतं.

म्हणून आधी तुमच्या घरातला जुना लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट, काढा आणि टोटलवर बोट ठेवू नका, खाली या. मोठ्या बाबांच्या त्याच रिपोर्टमध्ये एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३० होतं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१०. आता हिशोब करा. टोटल १७८ मधून एचडीएल ३० वजा, राहिले १४८. याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे रक्तातलं सगळं त्रासदायक कोलेस्टेरॉल एकत्र, आणि ज्याला फार धोका नाही अशा माणसाचंही हे १३० च्या खाली असावं असं आपल्याकडचे हार्टचे डॉक्टर धरतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बऱ्याच लॅबमध्ये हिशोबानेच काढतात, ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचं, २१० चे झाले ४२, ते १४८ मधून वजा केले की १०६. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशोब चालत नाही, तेव्हा एलडीएल डायरेक्ट मोजून मागायचं. आता बघा, टोटल १७८ म्हणजे छान, पण एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, नॉन-एचडीएल जास्त, पोट सुटलेलं, शुगर बॉर्डरवर. आपल्याकडे हा नमुना फार दिसतो आणि टोटलच्या आकड्यात तो लपून जातो.

कधीकधी तर मशीनमध्ये टाकायच्या आधीच कळतं. रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, स्वच्छ, पातळ चहाच्या पाण्यासारखं सीरम येतं. ज्याचं ट्रायग्लिसराइड खूप वाढलंय त्याचं सीरम दुधाळ असतं, अक्षरशः ताकासारखं, ट्यूब उजेडात धरली तरी पलीकडचं बोट दिसत नाही. असं सॅम्पल आलं की मी त्या माणसाला फोन करून विचारते, काल रात्री काय जेवलात. बहुतेक वेळा उत्तर येतं की पाहुणे होते, सावजीचं तेलकट-झणझणीत जेवण होतं. अशा वेळी १०-१२ तास उपाशी राहून पुन्हा सॅम्पल द्यावं. एरवी नुसत्या लिपिडसाठी उपाशी राहायची सक्ती आता बऱ्याच ठिकाणी राहिलेली नाही.

आता मुख्य गोष्ट, आतली सूज. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये पॉल रिडकर नावाचे डॉक्टर आहेत, त्यांनी जवळजवळ सगळं करिअर या एका प्रश्नावर घालवलं की ज्यांचं कोलेस्टेरॉल फार नाही त्यांनाही अटॅक का येतो. आपण समजतो की नस म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचलेला गाळ. तसं नाहीये. एलडीएल नसेच्या भिंतीत शिरतं, तिथे त्याला खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात, मरतात, त्यांच्यामुळे आणखी पेशी येतात आणि ती जागा आतल्या आत पिकलेल्या फोडासारखी होते, वरची साल पातळ होत जाते आणि एक दिवस फुटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि तो अटॅक. म्हणूनच ३०-४० टक्के ब्लॉकेज असलेल्या, टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती हार्टची टेस्ट) नॉर्मल आलेल्या माणसालाही अचानक अटॅक येऊ शकतो. कोलेस्टेरॉल लागतंच, त्याच्याशिवाय हे सुरू होत नाही, पण फोड पिकवते ती सूज.

ही सूज मोजायची सोय म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, सीआरपी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात हे पहिल्यांदा सापडलं, म्हणून कितीतरी वर्षं ते फक्त इन्फेक्शनसाठी बघायचे. रिडकर यांच्या टीमने १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर लोकांचं आधीपासून फ्रीजरमध्ये ठेवलेलं रक्त तपासलं, सॅम्पल दिलं तेव्हा हे सगळे धडधाकट होते, नंतर काहींना अटॅक आला, आणि दिसलं असं की ज्यांचं सीआरपी सगळ्यात वरच्या चौथ्या हिश्श्यात होतं त्यांना सगळ्यात खालच्या हिश्श्यापेक्षा अटॅकचा धोका जवळजवळ तिप्पट. पुढे २७,९३९ बायकांचा अभ्यास, त्यांचा तब्बल ३० वर्षांचा हिशोब २०२४ मध्ये आला. एलडीएल सर्वात जास्त असलेल्या गटाला सर्वात कमीवाल्यांपेक्षा धोका ३६ टक्के जास्त, लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा आणखी एक कण) मध्ये ३३ टक्के, आणि एचएस-सीआरपी मध्ये ७० टक्के. एकदाच काढलेलं रक्त, आणि त्यात ३० वर्षं पुढचं दिसलं. मला हे वाचून फार वेळ काही सुचलं नाही, कारण आपल्याकडे बायका स्वतःसाठी म्हणून सॅम्पल द्यायला येतच नाहीत, नवऱ्याला घेऊन येतात आणि बाहेर बाकावर बसून राहतात.

तर टेस्ट कोणी करावी? माझ्या मते चाळिशी ओलांडलेल्या, घरात वडील-भाऊ-आई यांना कमी वयात अटॅक आलेल्या, शुगर किंवा बीपी असलेल्या, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किंवा सिगरेटवाल्या माणसाने डॉक्टरांना एकदा जरूर विचारावं. ज्यांना आधीच अटॅक येऊन गेलाय, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, चालू आहे आणि एलडीएल खाली आलंय त्यांनी तर नक्की विचारावं, कारण २०२३ मध्ये रिडकर यांनीच स्टॅटिनवर असलेल्या ३१,२४५ पेशंटांचा डेटा एकत्र करून दाखवलं की अशा लोकांमध्ये पुढचा धोका उरलेल्या एलडीएलपेक्षा उरलेल्या सुजेवरून जास्त कळतो. पण एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. छातीत दुखतंय, डावा हात-जबडा दुखतोय, घाम येतोय, तर ही टेस्ट नाही करायची, लॅबमध्ये यायचंच नाही, १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल गाठायचं, तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन (हार्टला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) होतं. मागे एक काकू छाती दुखत असताना आमच्याकडे "ते सुजेची टेस्ट करा" म्हणत आल्या होत्या, आम्ही त्यांना खुर्चीवरून उठू न देता अॅम्ब्युलन्स बोलावली.

लॅबमध्ये सांगताना नुसतं "सीआरपी" म्हणू नका, स्पष्ट "एचएस-सीआरपी" म्हणा. प्रोटीन तेच, पण मोजमाप बारीक. साध्या सीआरपीच्या एका स्वस्त पद्धतीत ६ च्या खाली असेल तर सरळ निगेटिव्ह लिहून देतात, आणि हार्टचा सगळा खेळ १ ते ३ च्या मध्ये आहे, म्हणजे तुम्हाला हवी ती माहिती त्या निगेटिव्हच्या आत गाडली गेली. उपाशी राहायची गरज नाही. पैसे लॅबप्रमाणे वेगळे असतात, आधी विचारून घ्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव नीट लिहून आणा.

कधी टेस्ट करायची नाही हे जास्त महत्त्वाचं. सीआरपी लिव्हर बनवतं आणि शरीरात कुठेही काही पेटलं की काही तासांत चढतं. आपल्याकडे पोळ्यानंतर मारबत निघते ना, "घेऊन जा गे मारबत" म्हणत रोगराई गावाबाहेर काढायची, नेमक्या त्याच दिवसांत घराघरात व्हायरल, डेंग्यू, टायफॉइड चालू असतो. त्या काळात हार्टसाठी एचएस-सीआरपी करून काही उपयोग नाही. ताप जाऊन दोन-तीन आठवडे होऊ द्या. दाढ दुखतेय, घसा बसलाय, लस घेतलीय, पडून लागलंय, ऑपरेशन झालंय, तरी थांबा. संधिवात असेल, किंवा गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आकडा तसाही वर असू शकतो, ते चिठ्ठीवर लिहायला सांगा. आणि एका टेस्टवर निकाल लावू नका, दोन आठवडे मध्ये ठेवून दोनदा करा आणि दोन्हींची सरासरी धरा.

आकडा वाचायचा असा. १ च्या खाली, धोका कमी. १ ते ३ मध्ये, मधला. ३ च्या वर, जास्त. १० च्या वर आला तर घाबरून हार्टवाल्याकडे धावू नका, बहुतेक वेळा कुठेतरी इन्फेक्शन किंवा दुसरं काही आहे, आधी ते शोधायचं आणि बरं झाल्यावर पुन्हा. हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत, आणि इथेच मोठा घोळ होतो. एक कुटुंब आमच्याकडे आलं, दुसऱ्या एका लॅबचा रिपोर्ट घेऊन, ०.४ लिहिलेलं. घरात कोणीतरी इंटरनेटवर बघून सांगितलं होतं की १ च्या खाली म्हणजे मस्त. मी युनिट बघितलं तर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे १० ने गुणायचं. ०.४ नाही, ४. त्या मुलाचा चेहरा एकदम उतरला, वडील शेजारीच बसले होते. रिपोर्ट चूक नव्हता, पण आकड्यामागचे ते दोन शब्द कोणी वाचलेच नव्हते. म्हणून आकडा पाहण्याआधी युनिट बघा.

आता आकडा जास्त आला तर काय? सीआरपी स्वतः नस बिघडवत नाही. ते धुरासारखं आहे, आग वेगळीच, ती आधीच्या पायरीवर, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ नावाच्या निरोप्यांमध्ये. म्हणून "सीआरपी कमी करायची गोळी" मागू नका. आणि कृपा करून सूज म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या पेनकिलर स्वतःच्या मनाने चालू करू नका, त्यांनी हार्टचा धोका उलट वाढतो.

डॉक्टर सहसा स्टॅटिनपासून सुरू करतात, कारण ते कोलेस्टेरॉल आणि सूज दोन्ही उतरवतं. २००८ ची ज्युपिटर ट्रायल बघा, त्यात १७,८०२ माणसं घेतली, सगळ्यांचं एलडीएल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त, अर्ध्यांना रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, अर्ध्यांना नकली गोळी. अटॅक, स्ट्रोक, हार्टमुळे मृत्यू असं सगळं मिळून नकली गोळीवाल्यांमध्ये २५१ आणि औषधवाल्यांमध्ये १४२. फरक इतका की ट्रायल ठरल्यापेक्षा लवकर थांबवली. यावर टीकाही झाली, लवकर थांबवली म्हणून, औषध कंपनीचा पैसा म्हणून, आणि या टेस्टच्या पेटंटवर रिडकर यांचं नाव आहे म्हणून. हे माहीत असलेलं बरं. पण मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो तो पुढच्या दोन ट्रायलमुळे. २०१७ च्या कँटोस ट्रायलमध्ये अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ जणांना घेतलं, त्यातल्या काहींना दर तीन महिन्यांनी इंटरल्यूकिन-१ अडवणारं इंजेक्शन दिलं, कोलेस्टेरॉल हललं नाही, फक्त सूज उतरली, आणि तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसने पुढचे अटॅक-स्ट्रोक १५ टक्क्यांनी कमी झाले. सुजेचा वाटा खराच आहे हे तिथे सिद्ध झालं, पण त्यात जीवघेणी इन्फेक्शन वाढली आणि हार्टसाठी ते इंजेक्शन वापरात आलं नाही. नंतर त्यांनीच संधिवाताची स्वस्तातली गोळी मेथोट्रेक्सेट ४,७८६ जणांवर करून पाहिली, काहीच फायदा नाही, आणि तेही त्यांनी तसंच छापलं.

आता कोल्चिसिनचं बोलणं चालू आहे, गाउटची जुनी गोळी. ०.५ मिलिग्रॅमच्या डोसला अमेरिकेत २०२३ मध्ये हार्टसाठी मंजुरी मिळाली, पण २०२४ मधल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये अटॅकनंतर लगेच दिली तर फायदा दिसला नाही, किडनी कमजोर असेल तर ती चालत नाही, काही अँटिबायोटिकसोबत विषारी होते. म्हणजे हा पूर्ण कार्डिओलॉजिस्टचा विषय. मी हे मुद्दाम लिहितेय कारण कोल्चिसिन आपल्या कळलावीत असतं. पावसाळ्यात झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येतात तीच. तिचा कंद उगाळून घ्या सांगणारा कोणी भेटला तर तिथून उठून या, त्या कंदाने माणसं मरतात.

घरात करायच्या गोष्टींमध्ये आपल्या नागपुरात पहिला नंबर खर्ऱ्याचा. सॅम्पल घेताना मी समोरच्याचं तोंड जवळून बघते. पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटून घोटून अंगठा चुन्याने पांढरा पडलेला असतो, बोलताना हिरड्या लालभडक, दातांपासून सुटलेल्या, काहींच्या नुसत्या बोलण्यानेही रक्त येतं. सुजलेली हिरडी म्हणजे दिवसरात्र चालू असलेली सूज, आणि तंबाखू नसांना वेगळी मारते. खर्रा सोडा, आणि दातवाल्याकडे जा, सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, पैशासाठी अडू नका. दुसरं पोट. पोटाची चरबी गप्प बसलेली नसते, ती स्वतः इंटरल्यूकिन-६ सोडते. टेप घेऊन कंबर मोजा, पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, कुठेही चाला, पण एप्रिल-मेमध्ये सकाळी सहालाच.

खाण्याचं फार लांबवत नाही. तर्री पोहे कायमचे बंद करा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, पण वरची तर्री, म्हणजे तो तेलकट रस्सा, नका मागू, आणि तळून तळून काळं झालेलं तेल असेल तर तिथे आलूबोंडा खाऊ नका. घरात ज्वारीची भाकर, डाळ, अंबाडी आणि जवसाची चटणी परत येऊ द्या, जवस तर आपल्या विदर्भाचंच, त्यात फायबर आहे, चांगला फॅट आहे. हळदीचं दूध प्यायचं तर प्या, पण त्याने अटॅक टळतो असं कोणत्याही मोठ्या ट्रायलने दाखवलेलं नाही, त्याच्या भरवशावर स्टॅटिन सोडू नका. मोबाइलवर फिरणारे मेसेज तर फारच वाईट, "कोलेस्टेरॉलचा काही संबंध नाही, सगळी सूजच" असं रिडकर यांचं नाव घालून येतं. त्यांनी असं कधी म्हटलेलं नाही, दोन्ही मोजा आणि दोन्ही उतरवा हेच त्यांचं म्हणणं. एचएस-सीआरपी ०.६ आलं म्हणून १६० एलडीएलकडे दुर्लक्ष केलं तर तीही तीच चूक जी आम्ही १७८ बघून केली.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि प्रत्येकाच्या मागे पेनाने लिहा, त्या आठवड्यात ताप होता का, दात दुखत होता का, कोणती गोळी चालू होती. केबिनमध्ये तीनच गोष्टी विचारा, माझं एलडीएल किती खाली हवं, माझ्या सुजेचं कारण काय असू शकतं, आणि लायपोप्रोटीन-ए एकदा करून घेऊ का. तिसरी टेस्ट बहुतेकांना आयुष्यात एकदाच पुरते, ती आनुवंशिक असते, आणि घरात एकाची जास्त आली तर भावंडांनी, मुलांनीही करावी.

मोठ्या बाबांची पहिली एचएस-सीआरपी स्टेंटनंतर चार महिन्यांनी मीच काढली, ४.६. एलडीएल तेव्हा ६२ वर आलेलं होतं. मग हिरड्यांचा इलाज, खर्रा बंद, स्टॅटिनचा डोस डॉक्टरांनी वाढवला, सात किलो वजन उतरलं. यातल्या कशाने किती फरक पडला हे वेगळं काढता येत नाही, पण वर्षभरानंतर १.७ आलं. आता ते दर डिसेंबरमध्ये येतात, पावसाळ्यातल्या तापाचे दिवस संपलेले असतात म्हणून, आणि बाही वर करायच्या आधी स्वतःच सांगतात, "बाई, मागच्या महिन्याभरात ताप नाही, दात नाही, काही नाही, घे आता."